गाडीचा अलार्म उगाच बोंबलतोय? टॉवरला शिव्या घालायच्या आधी हे तपासा

रात्री दोन वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीचा अलार्म सुरू होतो, मालक चौथ्या मजल्यावर झोपलेला, वॉचमन बॅटरी मारत फिरतोय, आणि सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान तयार असतं की हे गच्चीवरच्या टॉवरमुळं होतंय. आपल्या नाशकात देवळालीकडं राहणारे लष्करावर खापर फोडतात, ओझरकडचे विमानतळावर, आणि ज्यांच्याजवळ यातलं काहीच नाही ते आकाशवाणीवर. रेडिओ सिग्नलमुळं अलार्म वाजू शकतो का? हो, वाजू शकतो. पण ज्या गाड्यांबद्दल लोक असं म्हणतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत खरा दोषी बॉनेटचा गंजलेला स्विच नाहीतर उतरलेली बॅटरी असते. म्हणून हा लेख नवीन गाडीवाल्यांसाठी, ज्यांना अलार्ममधलं काहीच माहीत नाही आणि ॲक्सेसरीजवाला म्हणेल ते खरं मानावं लागतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. त्रास दोन वेगळे आहेत. एक, गाडी लॉक करून गेलात आणि सायरन आपोआप वाजला. दोन, गाडीजवळ उभे आहात, रिमोट दाबताय आणि काहीच होत नाही. लोक दोन्हीला "सिग्नलचा प्रॉब्लेम" म्हणतात, पण रेडिओचा गोंधळ जास्त करून दुसरा त्रास देतो. कारण साधं आहे, रिमोटचा सिग्नल जेमतेम काही मिलिवॅटचा असतो, त्याच फ्रिक्वेन्सीवर जवळपास दुसरं काहीतरी बडबडत असलं की गाडीच्या रिसीव्हरला तो ऐकूच येत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, काही बाहेरून आलेले ३१५ वर. ४३३ ते ४३४ हा पट्टा भारतात कमी पॉवरच्या उपकरणांना लायसन न घेता वापरता येतो, त्यामुळं तिथं सगळेच घुसलेत, वायरलेस डोअरबेल, गेटचा रिमोट, घरगुती वेदर स्टेशन, टायर प्रेशरचे सेन्सर, दिंडोरी-पिंपळगावकडं विहिरीवरची मोटर लांबून चालू करायचे रिमोट. आणि कंपनीच्या रिमोटमध्ये रोलिंग कोड असतो, म्हंजे प्रत्येक वेळी बटण दाबलं की नवा कोड जातो, त्यामुळं शेजाऱ्याच्या डोअरबेलनं तुमची गाडी उघडेल किंवा अलार्म चालू होईल असं होत नाही. ती फक्त तुमच्या रिमोटचा आवाज दाबू शकते.

पण इथंच एक गंमत होते जी लोकांच्या लक्षात येत नाही. रिमोट चालला नाही की माणूस काय करतो? चावी काढतो, दाराच्या भोकात घालतो, दार उघडतो. बऱ्याच गाड्यांमध्ये रिमोटनं लॉक केलेली गाडी चावीनं उघडली की गाडीला ती चोरी वाटते आणि सायरन सुरू! मग तो माणूस सगळ्यांना सांगत फिरतो की सिग्नलमुळं अलार्म वाजला. एका अर्थानं बरोबर आहे पण वाजला तो दार उघडल्यामुळं, सिग्नलनं फक्त रिमोट बंद पाडला. त्या वेळी घाबरायचं नाही, आत बसून इग्निशन ऑन करायचं, चावी ओळखीची आहे हे गाडीला कळलं की बहुतेक गाड्यांमध्ये आवाज बंद होतो.

आता एकेक करत जाऊ.

पहिलं काम, तुमचा अलार्म कोणता आहे ते बघा. कंपनीनं दिलेला आहे की शोरूमनं किंवा बाहेरच्या दुकानात बसवलेला? हे महत्त्वाचं आहे कारण कंपनीची गाडी बाजारात येण्याआधी तिची रेडिओ लहरींसमोर चाचणी होते. युरोपातल्या यूएन आर१० नियमात गाडीला २० ते २००० मेगाहर्ट्झच्या दरम्यान ३० व्होल्ट प्रति मीटर (हे रेडिओ लहरींचा जोर मोजायचं माप) इतक्या फील्डमध्ये ठेवून बघतात, आणि आपल्याकडचं वाहनांचं मानक एआयएस-००४ भाग ३ त्याच धर्तीवर आहे. बाहेरून बसवलेल्या दोन-तीन हजाराच्या युनिटची अशी चाचणी झाली असेल याची खात्री कोण देणार? बुलेटला नाहीतर स्कूटरला लावतात ते अलार्म तर अजून स्वस्तातले. त्यातल्या बऱ्याच अलार्ममध्ये रोलिंग कोड नसतोच, पीटी२२६२ किंवा ईव्ही१५२७ जातीची साधी चिप असते जी दर वेळी तोच कोड पाठवते. पीटी२२६२ मध्ये तर कोड पिना जोडून ठरवायचा असतो आणि कोणी काहीच जोडलं नाही तर सगळ्या रिमोटचा कोड एकच. अशा दोन गाड्या एका पार्किंगमध्ये आल्या की एकाचं बटण दुसऱ्याला लागतं. हा एकच प्रकार आहे जिथं "दुसऱ्याच्या रिमोटनं माझा अलार्म वाजतो" हे अगदी शब्दशः खरं असतं, आणि त्यावर उपाय पण एकच, युनिट बदला, रोलिंग कोडवालं घ्या.

दुसरं काम वहीचं आहे, कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढं जाऊ नका. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. अलार्म कधी वाजला, गाडी कुठं उभी होती, काचा पूर्ण बंद होत्या का, पाऊस होता का, शेजारून काय गेलं, गाडीत काय चार्जिंगला होतं. बऱ्याच युनिटमध्ये अलार्म बंद करताना सायरन किंवा इंडिकेटर नेहमीपेक्षा जास्त वेळा वाजतो-चमकतो, त्यावरून मधल्या काळात अलार्म वाजून गेलाय हे कळतं, आणि काहींमध्ये डॅशबोर्डवरचा छोटा एलईडी किती वेळा लुकलुकतो त्यावरून कोणत्या झोननं, म्हंजे दारानं, बॉनेटनं की शॉक सेन्सरनं, वाजवलं हे पण कळतं. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. ते पान शोधा, अर्धं काम तिथंच होतं.

आता तिसरं, रेडिओ सोडून बाकीचे संशयित. इथं घाई करू नका.

बॅटरी बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू करायच्या आधी मल्टीमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हंजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर अलार्मची वागणूक बिघडते कारण काही सिस्टीम व्होल्टेज अचानक पडलं की चोरी समजतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गार वारं येतं तेव्हा जुन्या बॅटऱ्या पहाटे हमखास मान टाकतात, आणि अलार्म बरोबर पहाटेच वाजतो. वेळ ठरलेली असली म्हणून सिग्नल समजू नका, थंडीची वेळ पण ठरलेलीच असते.

बॉनेटचा आणि दारांचा स्विच बघा. पावसाळ्यात पाणी जातं, बाकी वर्षभर धूळ. बॉनेट बंद करून बोटानं थोडं दाबून-सोडून बघा, अलार्म लावलेला असताना एवढ्यानं वाजला तर चोर सापडला.

मग सेन्सर. शॉक सेन्सर असेल तर तो धक्क्यावर चालतो, गणपतीत ढोलपथक शेजारून गेलं किंवा डीजेचा बेस लागला की रांगेतल्या गाड्या ओरडायला लागतात ते यामुळं, त्यात रेडिओ कुठंच नाही. त्याच्यावर बहुतेक वेळा छोटा स्क्रू असतो, सेन्सिटिव्हिटी कमी करायला, अगदी थोडा फिरवायचा आणि काचेवर मुठीनं हलकं ठोकून बघायचं. अल्ट्रासोनिकवाला असेल, म्हंजे आत छताच्या दिव्याजवळ किंवा बाजूच्या खांबावर दोन छोटे जाळीदार डोळे, तर तो आतली हवा हलली की वाजतो. काच बोटभर उघडी ठेवून गेलात, आरशाला लटकवलेला गणपती झुलला, गाडीत कोणी पाळीव प्राणी ठेवला, संपलं. मायक्रोवेव्ह सेन्सर मात्र काचेतून बाहेर पण बघतो, भद्रकालीच्या गल्लीत गाडी लावली आणि सेन्सर तापटपणे सेट केलेला असेल तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला दिसणार.

एवढं सगळं ठीक निघालं तरच पुढं या.

चौथी पायरी रिमोटची पावलं मोजणं. आधी रिमोटचा सेल बदला, बहुतेक सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, पन्नास रुपयांच्या आत-बाहेर. जुना सेल ठेवून सिग्नलचा शोध घेणं म्हंजे वेळ वाया घालवणं. मग गाडी मोकळ्या जागी न्या, गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला सकाळी लवकर किंवा गंगापूर धरणाच्या रस्त्याला कुठं घरं-दुकानं नसतील तिथं, आणि गाडीपासून लांब जात जात बटण दाबा, कितव्या पावलाला बंद पडतं ते लिहा. तेच काम घरच्या पार्किंगमध्ये करा. मोकळ्यावर तीस पावलं आणि घरी तीन पावलं असा फरक आला तर घरी काहीतरी आहे. दोन्हीकडं सारखंच कमी आलं तर दोष रिमोटमध्ये नाहीतर गाडीच्या रिसीव्हरमध्ये. या चाचणीला रुपया लागत नाही आणि पार्किंगमध्ये उभं राहून टॉवरकडं बोट दाखवणाऱ्या दहा जणांपेक्षा ती जास्त सांगते.

पाचवी पायरी, घरी काय आहे ते शोधणं. रिमोट गाडीच्या जवळून पण चालत नाही अशा वेळी, म्हंजे त्रास चालू असतानाच, एकेक गोष्ट बंद करत जा. आधी स्वतःच्या गाडीतलं, डॅशकॅमचा चार्जर, स्वस्तातला यूएसबी ॲडॉप्टर, सिगरेट लायटरमध्ये खुपसलेला जीपीएस. या चार्जरमधलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा कचरा वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरतो, तोही रिसीव्हरपासून हातभर अंतरावर. काढा आणि परत पावलं मोजा. मग पार्किंगचे एलईडी दिवे, त्यांचा ड्रायव्हर, म्हंजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, हलका असला तर ते रिमोटची रेंज खातात, वॉचमनला सांगून एक मिनिट मेन स्विच पाडा. मग तळमजल्यावरच्या घरांच्या डोअरबेल आणि गेटचे रिमोट. एखादं बटण अडकून राहिलेलं असतं, पावसात पाणी जाऊन शॉर्ट झालेलं असतं, आणि ते सेल संपेपर्यंत सतत पाठवत बसतं. त्रास एके दिवशी अचानक सुरू झाला, पाच-सात गाड्यांना एकदम झाला आणि काही दिवसांनी आपोआप गेला, तर हेच समजा.

हे काही आपल्याकडचंच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका भागातले गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजचे दरवाजे कित्येक दिवस बंद पडले होते, लोकांनी काय काय तर्क केले, शेवटी सापडलं काय तर एका हौशी माणसानं घरासाठी बनवलेलं छोटं उपकरण, बॅटरीवर चालणारं, जे ३१५ मेगाहर्ट्झवर सतत सिग्नल सोडत होतं. त्या बिचाऱ्याला पत्ता पण नव्हता.

आता खरोखर रेडिओमुळं सायरन वाजतो तो प्रकार. हा कमी होतो पण होतो, आणि तो टॉवरपेक्षा जवळच्या छोट्या उपकरणानं जास्त होतो. हिशोबच करून बघा. मोकळ्या जागेत ५ वॅटचा वॉकीटॉकी गाडीपासून एक मीटरवर बोलला तर तिथं साधारण १२ व्होल्ट प्रति मीटर फील्ड येतं. १० किलोवॅटचा एफएमचा टॉवर एक किलोमीटरवर असेल तर अर्धा व्होल्ट प्रति मीटर. म्हंजे टॉवर कितीही उंच आणि भीतीदायक दिसू दे, शेजारी उभा राहून बोलणारा सिक्युरिटी गार्ड वीसपट भारी पडतो. वर सांगितलेल्या ३० व्होल्टच्या चाचणीतून गेलेली कंपनीची गाडी १२ ला दाद देत नाही, बाहेरून बसवलेलं युनिट मात्र गडबडू शकतं.

आत काय होतं ते समजून घ्या म्हंजे उपाय पटेल. शॉक सेन्सरमध्ये पिझो चकती असते, धक्का बसला की ती अगदी बारीक व्होल्टेज देते आणि पुढचं ॲम्प्लिफायर ते मोठं करतं. सेन्सरपासून युनिटपर्यंतची वायर अर्धा मीटर लांब सोडलेली असेल तर ती १५० मेगाहर्ट्झच्या आसपास बरोबर पाव तरंगलांबीची अँटेना झाली, आणि व्हीएचएफ वॉकीटॉकी १३६ ते १७४ मध्येच बोलतात. वायरनं पकडलेली लहर ॲम्प्लिफायरमध्ये गेली की तिथला ट्रान्झिस्टर तिचं सरळ व्होल्टेज करतो, आणि बोलायचं बटण दाबल्याक्षणी सेन्सरला धक्का बसल्यासारखं वाटतं. मोबाइलचं पण तसंच, टू-जीवर असताना फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत सिग्नल पाठवतो, पूर्वी कॉल यायच्या आधी स्पीकर टर्र-टर्र करायचे ते तेच. साधा फोन गाडीत विसरलात आणि तो नेमका सेन्सरच्या वरच्या कप्प्यात पडलाय, कॉल आला की अलार्म.

ओळखायची खूण, अलार्म आणि कोणाचं तरी बोलणं एकाच क्षणी सुरू होतं. बंदोबस्तात, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर असे क्षण सापडतात, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर पंचवटीत वायरलेस घेतलेला माणूस पावलापावलावर असणार. लायसनवाला हॅम, म्हंजे हौशी रेडिओवाला, ओळखीचा असेल तर त्याला विनंती करा, तो गाडीशेजारी हँडसेट घेऊन बटण दाबेल, तुम्ही अलार्म लावून बघा. दाबलं की वाजतो, सोडलं आणि परत दाबलं की परत वाजतो, तर शंका संपली. लायसन नसताना ऑनलाइन मागवलेल्या सेटवर हा प्रयोग करू नका, तो गुन्हा आहे.

उपाय स्वस्त आहेत. सेन्सरची वायर लागेल तेवढीच ठेवा, उरलेली गुंडाळून डॅशबोर्डमागं कोंबायची पद्धत बंद. वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. सेन्सरच्या टोकाला क्लिपवाली फेराइट, म्हंजे रेडिओची लहर अडवणारी काळी कडी, लावा, वायर तिच्यातून एकदाच न नेता तीन-चार वेढे घेऊन, नुसती अडकवली तर फारसा उपयोग नाही. अर्थिंगची वायर बॉडीच्या उघड्या पत्र्यावर जोडा, रंग खरवडून. एवढ्यानं नाही भागलं तर इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या माणसाकडून सेन्सरच्या सिग्नल आणि अर्थच्या मध्ये १ नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून घ्या, रेडिओची लहर त्यातून अर्थला जाते, धक्क्याचा हळू सिग्नल तसाच राहतो. आणि युनिटमधून एक एकटीच पातळ वायर लोंबत असते, कुठंच न जोडलेली, ती फालतू नाही, ती रिमोटची अँटेना आहे! ४३३ साठी ती सुमारे १७ सेंटिमीटरची असते. कापू नका, बाकीच्या जुडग्यात बांधू नका, सरळ पसरून लोखंडापासून लांब ठेवा. रेंज कमी आहे म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत हीच वायर टेप मारून गुंडाळलेली असते.

वॉरंटीतल्या गाडीत मात्र स्वतः वायर कापू नका, इलेक्ट्रिकलची वॉरंटी जाईल. तिथं वहीतल्या नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, "कधीकधी वाजतो" म्हणालात तर ते गाडी दिवसभर ठेवून "काही नाही सापडलं" म्हणत परत देतात, तारीख-वेळ-जागा दाखवली तर निदान ऐकतात.

पुश स्टार्टवाल्यांसाठी थोडं वेगळं. स्मार्ट कीला गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते आणि की ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते, म्हणून दोन्हीकडून अडचण येऊ शकते. मोबाइलचे वायरलेस चार्जिंग पॅड शंभर ते दोनशे किलोहर्ट्झमध्ये चालतात, की त्या पॅडवर किंवा शेजारी ठेवली की "की सापडत नाही" असा मेसेज येतो. की खिशात ठेवा, फोनपासून वेगळ्या खिशात. त्र्यंबकच्या पार्किंगमध्ये सगळंच बंद पडलं तर कीमध्ये लपलेली पत्र्याची चावी काढा, दाराच्या हँडलवरच्या टोपीखाली भोक असतं, आत बसून की थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवा. आतली चिप गाडीकडूनच वीज घेते, सेल संपलेला असला तरी चालते. हे एकदा घरी करून बघा, अंधारात मॅन्युअल उघडायची वेळ यायला नको.

एक सावधगिरी. रिमोटनं लॉक होत नाही अशी जागा अनोळखी असेल तर ते मुद्दाम केलेलं जॅमिंगही असू शकतं, तुम्ही बटण दाबून पाठ फिरवली आणि गाडी उघडीच राहिली. इंडिकेटर लुकलुकले का ते बघा, हँडल ओढून बघा, मगच निघा. जॅमर खासगी माणसानं वापरणं भारतात बेकायदा आहे. आणि एखाद्या जागेवर सतत, सगळ्यांच्याच गाड्यांना त्रास होत असेल, घराघरातले मेन स्विच पाडूनही उगम सापडत नसेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडं तक्रार करता येते, दिशा शोधणारी उपकरणं त्यांच्याकडं असतात. तक्रारीत फ्रिक्वेन्सी, पत्ता, वेळा आणि किती गाड्यांना त्रास झाला ते लिहा.

नवीन अलार्म बसवायलाच निघाला असाल तर दुकानात एवढंच विचारा, रोलिंग कोड आहे का, सेन्सर वेगळा बंद करता येतो का, कोणत्या झोननं वाजवलं ते दाखवतो का. तिन्हीला हो म्हणाला तर युनिट कुठं बसवणार ते दाखवायला सांगा, आणि वायरी गुंडाळायला लागला की तिथंच थांबवा.